राजवाड्यातले गुरुवार

पार्सिपनीच्या आमच्या घरात फोडणी देणं हे दोघींचं काम होतं. आई शेगडीपाशी उभी राहायची आणि मी पॅसेजमध्ये, छतावरच्या स्मोक अलार्मच्या बरोबर खाली, हातात पंचा घेऊन. तेल तापलं, मोहरी तडतडली की आई आतून ओरडायची, "रेवा, हलव!" आणि मी टाचा उंचावून पंचा गरागरा फिरवायची. एकदा मी फोनवर होते आणि आईने न सांगता लसणाची फोडणी टाकली. थोड्याच वेळात खाली बंब येऊन उभा राहिला. जाड कोट आणि हेल्मेट घातलेले दोन दांडगे अग्निशामक जिना चढून आले, आणि मी दारात उभं राहून माझ्या तेव्हाच्या मोडक्या इंग्लिशमध्ये त्यांना मोहरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आई माझ्या मागे उभी होती. ते गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाले गं?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी खिडकी उघडा म्हणाले." खरं तर त्यांतला एक जण असंही म्हणाला होता, की वास फार छान येतोय. ते मी सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. सांगायचं राहून गेलं, एवढंच.

आम्ही मिरजेहून आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबा सॉफ्टवेअरमध्ये होते. आल्यावर पहिलं वर्ष ते रोज संध्याकाळी घरी असायचे. मग त्यांचं प्रोजेक्ट ओहायोतल्या डब्लिनला गेलं आणि ते पंधरा दिवसांतून एकदा, शुक्रवारी रात्रीच्या विमानाने यायला लागले. बाकीच्या दिवशी घरात मी आणि आई. आईने मिरजेत मुलींच्या शाळेत बारा वर्षं चित्रकला शिकवली होती. बाजारात भाजी घ्यायला गेली तरी चार जणी "नमस्कार बाई" म्हणायच्या. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. गाडी येत नव्हती, आणि फुटपाथ आमच्या बिल्डिंगांच्या फाटकापाशीच संपत होता. त्यापुढे नुसता रस्ता आणि गाड्या. दिवसभर घरात दोनच आवाज असायचे: फ्रिजचा, आणि भिंतीच्या तळाशी बसवलेल्या हीटरचा. तो तापताना कुणी आतून टकटक करावं तसा वाजायचा. सुरुवातीला आई त्या आवाजाला दचकून दाराकडे बघायची. नंतर बघेनाशी झाली.

मी मात्र घराची जीभ झाले होते. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेणं, अपार्टमेंटच्या ऑफिसला नळ गळतोय म्हणून सांगणं, टपालाने आलेली पत्रं वाचून अर्थ लावणं, सगळं माझ्याकडे. आईला इंग्लिश वाचता येत होतं, सावकाश बोललं तर कळतही होतं. पण इथली माणसं सावकाश बोलत नाहीत, आणि आईने दोनदा "सॉरी?" म्हटल्यावर ती माणसं माझ्याकडे वळून बोलायला लागायची. मीही मग आईला बोलायची संधी देईनाशी झाले. खोटं कशाला बोलू, मला त्यात थोडा मोठेपणा वाटायचा आणि पुष्कळसा कंटाळा यायचा. आठवड्यात एकच जागा अशी होती, जिथे मला कुणासाठी काही बोलायला लागत नव्हतं. शाळेचं व्हॉलीबॉल. मिरजेत मी खेळत होते, हात बसलेला होता. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर प्रॅक्टिस असायची. तिथे "माइन!" एवढा एक शब्द पुरायचा. त्या एका शब्दावर मला दोन मैत्रिणी मिळाल्या होत्या.

आमच्या खालच्या मजल्यावर बोबडे काकू राहायच्या. मूळच्या नागपूरच्या, दहा वर्षं इथे, गाडी वाऱ्यासारखी चालवणाऱ्या. आयसेलिनला आपल्याकडचा किराणा आणायला त्याच आम्हाला न्यायच्या. थंडी सुरू होत होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी त्या दार वाजवून आत आल्या आणि म्हणाल्या, "शैलाताई, किती दिवस घरात बसून राहिल्या? उद्या चला. लायब्ररीतून म्युझियमचा पास आणलाय मी. एका पासावर चौघं जाता येतं. राजवाडा आहे म्हणे, इटालियन."

"इथे कुठला राजवाडा?" आई म्हणाली.

"हडसनच्या काठी. बघू तर खरं. नाही आवडला तर नदी बघून परत येऊ."

आईने पहाटे उठून भडंग केलं. चुरमुरे आयसेलिनचे, मसाला मिरजेहून आलेला. इंटरनेटवरून काढलेला नकाशा मांडीवर घेऊन मी पुढे बसले, आणि दोनदा चुकून आम्ही तिथे पोहोचलो.

आता मी बरीच फिरले आहे. खुद्द इटलीत जाऊन खरे राजवाडे पाहून आले. तरी डोळे मिटले की पहिल्यांदा तोच येतो. बाहेरून तो काही विशेष नव्हता. खडबडीत, करड्या दगडांची चौकोनी इमारत, खालच्या खिडक्यांना जाड गज, तुरुंगासारखे. पण आत पाऊल टाकलं आणि चारी बाजूंनी कमानी उघडल्या. मधोमध चौक, वर काचेचं छप्पर, खाली कारंजं आणि कुंड्यांतून लिंबाची झाडं. बाहेर झाडांची पानं गळून गेली होती आणि आत लिंबं लागली होती. माहितीचा कागद मी वाचून दाखवला. शंभर वर्षांपूर्वी आगगाडीचे डबे बनवणाऱ्या एका श्रीमंत माणसाची बायको इटलीला गेली. तिथे प्रबोधनकाळातला एक जुना राजवाडा मोडकळीला आला होता, तो तुकड्यातुकड्यांनी विकायला काढलेला. तिने त्यातले खांब, दारांच्या चौकटी, शेकोट्या आणि एका दालनाचं अख्खं लाकडी छत विकत घेतलं, खोक्यांत भरून बोटीने आणवलं आणि त्या सामानाच्या मापाने इथे घर बांधून घेतलं. मुलंबाळं नव्हती. मरताना ते लोकांना बघायला ठेवून गेली.

"म्हणजे घर इथलं, सामान तिकडचं," बोबडे काकू म्हणाल्या. "आपल्यासारखंच की हो बाप्पा!"

आई हसली नाही. ती ऐकतच नव्हती. ती एका खांबापाशी उभी राहून मान मागे टाकून वर बघत होती. ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणते आहे. जवळ गेले तर ती पुटपुटत होती, "स्तंभशीर्ष... पर्णाकृती... त्यावर कमान, कमानीवर पट्टी..." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, डिप्लोमाला पाच मार्कांची टीप असायची. प्रबोधनकाळातील वास्तुकला. मी पाठ केली होती. बारा वर्षं पोरींना पाठ करायला लावली. पुस्तकात काडेपेटीएवढा फोटो होता, तोही काळपट. मला वाटायचं, हे खांब आपल्या कमरेएवढे असतील." आणि तिने पुढे होऊन खांबावर तळवा टेकवला. ताबडतोब कोपऱ्यातून आवाज आला, "मॅम, प्लीज डोन्ट टच!" आईने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पण पुढचा अर्धा तास ती तो तळवा दुसऱ्या हाताने झाकून चालत होती.

वरच्या मजल्यावर ते छताचं दालन होतं. अर्धं छत रिकामं दिसत होतं. लाकडी चौकोनांच्या जाळीत जिथे सोनेरी फुलं असायला हवी होती, तिथे नुसती भोकं. फुलं खाली होती. दोरीच्या पलीकडे लांबलचक टेबलांवर, परातीएवढी कोरीव लाकडी फुलं ओळीने मांडून ठेवली होती, शंभराच्या वर, काही काळी पडलेली, काही नवी झळझळीत. त्यांच्यामध्ये एका स्टुलावर एक पांढऱ्या केसांची बाई बसून काम करत होती. लोकांना बघता यावं म्हणून ती मुद्दाम तिथे बसायची, अशी पाटी होती. तिच्या हातात पोस्टकार्डाएवढा रुंद, चपटा, अगदी विरळ केसांचा कुंचला होता. तो तिने स्वतःच्या गालावरून हलकेच एकदा फिरवला, मग तो खालच्या सोन्याच्या पानावर नुसता टेकवला, आणि ते पान उचललं जाऊन तरंगत फुलावर गेलं.

आई मोठ्याने हसली. त्या शांत दालनात दहा-बारा माणसं वळून बघायला लागली. मी कानापर्यंत लाल झाले.

"आप्पा!" आई म्हणाली. "अगदी आप्पांसारखं!"

आप्पा म्हणजे आईचे वडील. मी फार लहान असताना ते गेले. मिरजेत ते पाट्या रंगवायचे. मिरज डॉक्टरांचं गाव, आणि त्या काळी बड्या डॉक्टरांच्या पाट्या काचेवर, सोन्याच्या अक्षरांत असायच्या. काचेच्या मागून, उलट्या अक्षरांत, खऱ्या सोन्याच्या वर्खाने त्या कराव्या लागत. वर्ख इतका पातळ, की बोट लावलं तर बोटालाच लागून नाहीसा होतो. म्हणून खारीच्या केसांचा कुंचला गालावरून फिरवायचा. गालाचं किंचितसं तेल केसांना लागतं, तेवढ्यावर तो उचलतो. पाटीच्या दिवशी आप्पा सकाळी गुळगुळीत दाढी करत, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि घरात कुणी शिंकायचं नाही. वर्खाची वही हातात धरून पान उलटायचं काम आईचं. दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिने ते केलं, आणि शेवटची काही वर्षं आप्पांचे हात थरथरायला लागल्यावर अक्षरंही तिनेच भरली. हे सगळं तिने मला त्या दोरीपाशी उभं राहून एका दमात सांगितलं. "सांग तिला," ती म्हणाली. "सांग ना!"

मी सांगितलं. त्या बाईंचं नाव रूथ. त्यांनी कुंचला खाली ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या उठून दोरीपाशी आल्या. मग पंधरा-वीस मिनिटं मी दोघींच्या मध्ये उभी होते आणि दोन्हीकडून शब्द येत होते. रूथनी विचारलं, काचेवर चिकटवायला काय वापरत? आई म्हणाली, पाण्यात सरस, अगदी पाण्यासारखा पातळ. आईने विचारलं, खाली लाल काय लावलंय, गेरू? रूथ म्हणाल्या, तसलीच एक माती. आई म्हणाली, उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की वर्ख उडायचा, तेव्हा आप्पा जमिनीवर ओलं पोतं टाकायचे. हे ऐकून रूथ टाळी वाजवून हसल्या. म्हणाल्या, माझे गुरूही ओला टॉवेल टाकायचे, इथे मात्र पाण्याचा पेला आणायलासुद्धा परवानगी नाही. आईचा चेहरा मी पाहिला. त्या दीड वर्षात मी तो चेहरा पाहिला नव्हता. तो मिरजेच्या बाईंचा चेहरा होता.

मग रूथ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आस्क युअर मदर इफ शी वुड कम ऑन थर्सडेज. आय कुड यूज हँड्स लाइक हर्स." आणि पुढे समजावून सांगितलं, की म्युझियममध्ये विनामोबदला मदत करणारी माणसं येतात, गुरुवारी कामाचा दिवस असतो, आधी नमुन्याच्या फळीवर हात बघू, माझं मनगट दुखतंय आणि अजून साठ-सत्तर फुलं व्हायची आहेत. सुरुवातीला शाळा सुटल्यावर तूही येत जा, म्हणजे बोलायला बरं पडेल.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं.

गुरुवार. मला दिसलं ते फक्त व्हॉलीबॉलचं मैदान, आणि तिथे नसलेली मी. आणि त्याऐवजी इथे, या दोरीपाशी, सरस आणि गेरू इकडून तिकडे करत उभी असलेली मी. दर गुरुवारी. कायमची.

"त्या म्हणतायत, तुमच्या वडिलांचं काम फार छान होतं," मी म्हणाले. "आणि आता दालन बंद व्हायची वेळ झाली."

"हो का," आई म्हणाली. तिने दोन्ही हात जोडून रूथना नमस्कार केला. मी रूथना सांगितलं, "शी विल थिंक अबाउट इट." रूथनी मान डोलावली, थोड्याशा गोंधळून. मग आम्ही बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून भडंग खाल्लं. आई कधी नव्हे ती गप्पा मारत होती. मी नकाशा उघडून परतीचा रस्ता शोधत बसले.

मी आता कोर्टात आणि हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून काम करते. या कामाला पहिल्या दिवशी शपथ असते: जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं, वगळायचं नाही, आपलं घालायचं नाही. वर्गात ती शपथ वाचताना बाकीचे जांभया देत होते. मी मात्र ती परत पहिल्यापासून वाचली.

त्या संध्याकाळी बाबांचा ओहायोहून फोन आला तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं. कुंचला, गाल, ओलं पोतं. बाबा म्हणाले, "वा वा, छान. अगं, आम्ही इथे रिलीजच्या गडबडीत आहोत, आलो की बोलू." दोन दिवसांनी आई मला म्हणाली, "त्यांचा पत्ता घ्यायला हवा होता गं. एखादं पत्र टाकलं असतं." मी होमवर्क करत असल्यासारखं केलं.

मग बर्फ पडायला लागलं आणि तो हिवाळा संपेचना. आई पडदे उघडेनाशी झाली. मी शाळेतून यायचे तेव्हा ती झोपलेली असायची, टेबलावर माझं ताट झाकून ठेवलेलं. बोबडे काकूंनी बोलावलं तरी डोकं दुखतंय म्हणायची. फोडणीसुद्धा ती कमी करायला लागली. मुगाची खिचडी, दहीभात, ज्याला आवाज नाही असं सगळं. पंचा खुंटीला वाळून कडक झाला. बाबा पंधरा दिवसांनी यायचे, घर एवढं गप्प का म्हणून विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत झोपी जायचे.

थंडीच्या शेवटाला मिरजेहून शाळेचं पत्र आलं. आईची बिनपगारी रजा जूनमध्ये संपत होती. रुजू होणार की राजीनामा देणार ते कळवा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं होतं. त्या आठवड्यात बाबा घरी होते. आई रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाली, "मी परत जाते."

"म्हणजे सुट्टीला?" बाबा म्हणाले.

"नाही. शाळेत रुजू होते. तुम्ही रेवाला ओहायोला घेऊन जा. तिची शाळा आता याच देशात व्हायला हवी, मध्येच तोडायला नको. मी तिकडे राहते."

"शैला, असं कसं—"

"मला इथे काही येत नाही," आई म्हणाली. रडली नाही, रागावली नाही. एखाद्या मुलीला प्रगतिपुस्तक वाचून दाखवावं तसं म्हणाली. "तिकडे मला येतं."

दुसऱ्या दिवशी बोबडे काकूंनी मला शाळेतून आणलं. गाडीत त्यांनी नुसतं विचारलं, "काय झालं गं, तोंड का उतरलं?" आणि मी सगळं बोलून टाकलं. गुरुवार, रूथ, व्हॉलीबॉल. काकूंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"मला कशाला सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "आईला सांग ना."

"ती मला कधीच माफ करणार नाही."

"नको करू दे. सांग तरी."

आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी दारात उभी राहून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. भाकरी थापून झाली, तव्यावर पडली, वरून पाणी फिरवलं, उलटली. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मग तिने शेगडी बंद केली, पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "त्या नेमकं काय म्हणाल्या? शब्द न् शब्द सांग. इंग्लिशमध्येच सांग."

मी सांगितलं. "आस्क युअर मदर इफ शी वुड कम ऑन थर्सडेज. आय कुड यूज हँड्स लाइक हर्स."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. "हँड्स लाइक हर्स म्हणजे?"

"तुझ्यासारखे हात. म्हणजे असे हात त्यांना हवेत."

ती आपल्या पिठाने माखलेल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने ते धुतले, पुसले, आणि म्हणाली, "तीन महिने." एवढंच. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडू नकोस. जेवून घे." आणि मला वाढून ती आत गेली. तिने मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजूनही वाटतं.

सकाळी ती माझ्या आधी उठली होती. टेबलावर वहीचं पान होतं, त्यावर तिने तिच्या सुरेख अक्षरात इंग्लिश वाक्यं लिहिली होती, चार-पाच ठिकाणी खोडलेली. म्युझियमचा नंबर लायब्ररीच्या माहितीपत्रकावर होता. मी म्हटलं, "मी लावू का फोन?" ती म्हणाली, "नाही. आता तू बोलायचं नाहीस. तू शाळेत जा." मी दप्तर घेऊन बाहेर पडले, पण जिन्यात थांबले. दाराआडून मला तिचा आवाज ऐकू येत होता. एकेक शब्द सुटा, वर्गात हजेरी घ्यावी तसा स्पष्ट. मध्ये ती थांबे, मग "प्लीज स्पीक स्लो" म्हणे. ते तिने तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्या आवाजात मुळीच ओशाळेपणा नव्हता.

बोबडे काकूंनी गुरुवारी आम्हाला नेलं. त्या दिवशी शाळेला आणि व्हॉलीबॉलला दांडी मारून मी बरोबर गेले, आईने बोलावलं नव्हतं तरी. वरच्या दालनात पोहोचलो आणि मी आधी वर पाहिलं. छत जवळजवळ भरलं होतं. डोक्यावर सोन्याची फुलंच फुलं, आणि खालची टेबलं रिकामी. एका टेबलावर शेवटची अकरा फुलं उरली होती. रूथच्या उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला होता. त्या आईला ओळखून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला यायचं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी शंका आली असावी, कारण त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पुढे झाली.

"दॅट डे आय डिड नॉट अंडरस्टँड," ती म्हणाली. "माय इंग्लिश. टुडे आय अंडरस्टँड. आय विल कम थर्सडे."

तिने ते स्वतःवर घेतलं. तिथे, त्या छताखाली, माझ्यासमोर, शांतपणे, आणि माझ्याकडे एकदाही न बघता.

रूथनी तिला नमुन्याची फळी दिली. आईने बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, पदर खोचला, कुंचला हातात घेऊन त्याचं वजन जोखलं. पहिलं पान फाटलं. दुसरं दुमडून चुरगळलं. तिसऱ्याच्या आधी तिने डोळे मिटले, श्वास सोडला, कुंचला गालावरून फिरवला, आणि पान उचललं. ते फळीवर जाऊन बसलं तेव्हा एकही सुरकुती नव्हती. रूथनी पट्टा बांधलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. बोबडे काकू दोरीपलीकडून म्हणाल्या, "वा शैलाताई!" आणि पहारेकऱ्याने त्यांना गप्प बसायला सांगितलं.

उरलेल्या अकरांपैकी चार फुलं आईने केली. मी आधी बोलले असते तर कदाचित चाळीस झाली असती. हा हिशोब आईने कधी मांडला नाही, मीच मनात मांडत असते. छत पुरं झालं तरी तिचे गुरुवार थांबले नाहीत. खालच्या दारांच्या चौकटी होत्या, आरशांच्या फ्रेमा होत्या, तुकड्यातुकड्यांनी आणलेल्या त्या घरात दुरुस्तीला काही तोटा नव्हता. बोबडे काकूंनी तिला मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसऱ्यांदा पास. बाबांनी त्या आठवड्यात येऊन पहिल्यांदाच तिच्याबरोबर राजवाडा पाहिला. छताखाली ते बराच वेळ मान वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "शैला, मी विचारायला हवं होतं गं." आई म्हणाली, "काय विचारायला?" बाबांनी ओहायोचं प्रोजेक्ट संपताच दुसरं, जवळचं मागून घेतलं. व्हॉलीबॉल सोडायला निघालेल्या मला आईने सोडू दिलं नाही. "तुझा गुरुवार तुझा," ती म्हणाली, "माझा माझा."

पण माझ्याकडून ती काही सांगवून घेत नव्हती. अपार्टमेंटच्या ऑफिसला स्वतः जायची, चुकत, अडखळत. टपाल स्वतः उघडायची, डिक्शनरी घेऊन बसायची. डॉक्टरकडे मला बाहेर बसवायची. कडवटपणा नव्हता, बोलणं-चालणं पूर्वीसारखं होतं, घरात फोडण्याही सुरू झाल्या होत्या. फक्त माझ्या हातात ती काही देत नव्हती. मी समजून होते.

मेच्या सुरुवातीची एक संध्याकाळ असेल. झाडांना पालवी आली होती, खिडक्या उघड्या होत्या. मी प्रॅक्टिसहून आले तर आई टेबलाशी बसून पाकिटावर पत्ता लिहीत होती. मिरजेच्या शाळेचा, मुख्याध्यापिकाबाईंच्या नावे. पाकीट तिने बंद केलं नव्हतं. तिने ते माझ्यापुढे सरकवलं.

"वाच," ती म्हणाली. "मराठीत आहे, पण वाच. काही राहिलंय का बघ."

राजीनामा होता. चार ओळींचा, व्यवस्थित. शेवटी मुलींना आशीर्वाद सांगितले होते. मी दोनदा वाचला. "काही राहिलं नाही," मी म्हणाले.

तिने पाकीट चिकटवलं, तिकिटं लावली आणि माझ्या हातात दिलं. "कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून ये."

फाटकापाशी फुटपाथ संपतो तिथून पुढे मी गवतातून चालत गेले. पाकीट दोन्ही हातांत धरलं होतं. पेटीची झडप ओढून ते आत सोडलं, झडप लावली, मग परत ओढून आत वाकून पाहिलं, कुठे अडकलं तर नाही ना. पुन्हा एकदा पाहिलं. मग घरी आले. आई ताटं घेत होती.

"टाकलंस?"

"टाकलं."

"बरं," आई म्हणाली. "हात धू. आणि पंचा घे, आमटीला फोडणी द्यायची राहिलीय."